दिवाळसणाचे घड्याळ

जावयाच्या पहिल्या दिवाळसणाला घड्याळ द्यायचे, एवढे ठरले होते. कोणते द्यायचे यावर मात्र नवरात्रापासून खल चालला होता. स्वयंचलित स्विस घड्याळच हवे, असा आमच्या मंडळींचा हुकूम. त्यासाठी बँकेतली ठेव मोडावी लागणार होती. क्वार्ट्‌झ घड्याळ पेन्शनीत सहज बसत होते. "पण ते हलके दिसेल हो!" ही तिची अडचण. अखेर, इतिहास शिकवण्यात हयात गेलेली असल्यामुळे, मी इतिहासालाच साक्षीला बोलावले.

पण साक्षीदार मोठा मिस्कील निघाला! 25 डिसेंबर 1969 रोजी जपानच्या सायको कंपनीने 'अ‍ॅस्ट्रॉन' हे पहिले क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ टोकियोत विक्रीस आणले. किंमत 4,50,000 येन; तेवढ्यात तेव्हा लहानशी मोटारगाडी येई. म्हणजे आज आपण ज्याला हलके म्हणतो, ते जन्मले गर्भश्रीमंत!

त्याची युक्ती ऐका. विजेचा स्पर्श होताच स्फटिक ठरावीक गतीने कंप पावतो. आजच्या घड्याळात हे कंप सेकंदाला 32,768. ही संख्या पंधरा वेळा निम्मी करा, बरोबर एक उरतो. तोच काट्याचा ठोका! स्वयंचलित घड्याळात मनगट हलले की आतले वजन फिरते आणि स्प्रिंगला आपोआप किल्ली बसते. कारागिरी अप्रतिम, पण ते दिवसाला काही सेकंद चुकते, क्वार्ट्‌झ महिन्याला.

हा फरक स्वित्झर्लंडला फार महाग पडला. खरे तर न्यूशातेलच्या संशोधकांनी 1967 मध्येच क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळाचे नमुने तयार केले होते. बाजारात मात्र जपान पुढे गेला. 1970 च्या सुमारास तिथे या धंद्यात सुमारे 90,000 माणसे होती. पुढल्या पंधरा वर्षांत जेमतेम एक तृतीयांश उरली. सावरण्यासाठी त्यांनी 1983 मध्ये 51 भागांचे स्वस्त 'स्वॉच' काढले, तेही क्वार्ट्‌झच! आणि वेळेच्या शर्यतीत हरलेले यांत्रिक घड्याळ दागिना होऊन मिरवू लागले.

हे सारे ऐकवूनही मंडळी हलेनात. तेव्हा मी कपाटातून माझे लग्नातले घड्याळ काढले. एच.एम.टी. 'जनता'. 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या साह्याने बंगलोरला सुरू झालेल्या सरकारी कारखान्याचे हे अपत्य. 2016 मध्ये सरकारने त्या घड्याळांचा धंदा बंद करण्याचे ठरवले. माझे मात्र रोज किल्ली दिली की अजून चालते.

"हे तुझ्या बाबांनी दिले. तेव्हाही याहून भारी घड्याळे होतीच. मला कधी हलके वाटले का?"

ती बराच वेळ ते घड्याळ पदराने पुसत राहिली. मग म्हणाली, "बाबांनी यासाठी कर्ज मात्र काढले नव्हते हं."

ठेव शाबूत राहिली. क्वार्ट्‌झ घड्याळ आणले आहे. अट एकच पडली: पट्टा तेवढा उत्तम चामड्याचा हवा!