मानमोडीची साथ आणि कामावर जाणारी गरोदर बाई

पावसाळा लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, पाचवा महिना सुरू आहे, कामावर सगळ्यांना सर्दीताप आहे. साधा तापच आहे ना, मला काही होणार नाही ना?" उत्तर दोन वाक्यांत देता येते. पण साध्या तापाला आम्ही डॉक्टर गरोदरपणात एवढे का घाबरतो, हे समजायला शंभर वर्षे मागे जावे लागते. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. तुमच्या घरात कोणी फार वयस्कर माणूस असेल तर "मानमोडी" हा शब्द त्याला विचारून पाहा. त्याने स्वतः ती साथ पाहिलेली नसेल, पण आजीच्या तोंडून ऐकलेली असू शकते.

मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. तापात अंग आणि मान मोडून येई, म्हणून लोकांनी तिला हे नाव दिले. पहिले महायुद्ध संपत आले होते. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने आजारी पडले आणि तिथून साथ शहरात शिरली. ही पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली ती जीवघेणी. रेल्वेच्या वाटेने ती आत घुसली आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत मध्य प्रांताच्या खेड्यापाड्यांत पोचली. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे तेव्हा मध्य प्रांतातल्या एकाच चांदा जिल्ह्यात होते. गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी.

देशात सर्वांत जास्त झळ बसलेल्या भागांत मध्य प्रांत होता. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते, लोक अर्धपोटी होते. संपूर्ण हिंदुस्थानात किती माणसे गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. भारताच्या जनगणनांच्या इतिहासात असे एकदाच घडले आहे.

आता आपल्या विषयाकडे येतो. फ्लूने साधारणपणे लहान मुले आणि म्हातारी माणसे दगावतात. १९१८ मध्ये उलटे झाले, वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे गेली. आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. त्या काळचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी साथीवर जो अहवाल लिहिला, त्यातही बायकांच्या जास्त मृत्यूंची नोंद आहे. कारण शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. घरात पाच माणसे तापाने पडली की पाणी कोण आणणार, पेज कोण शिजवणार? स्वतःच्या अंगात ताप असला तरी बाई उठणार. त्या साथीवर औषध नव्हतेच. विश्रांती, पाणी, अन्न आणि कोणीतरी काळजी घेणारे माणूस, एवढाच उपचार होता, आणि सगळ्यांना तो देणारीलाच तो मिळत नव्हता.

गावातले जन्म-मृत्यू कोतवाल पोलीस ठाण्यात सांगायचा. पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण असे रकाने असत. मानमोडीने गेलेली बहुतेक माणसे "ताप" याच रकान्यात गेली. मेलेली बाई पोटुशी होती का, यासाठी रकाना नव्हता. पण एक खूण मागे राहिली. पुढच्या वर्षी, १९१९ मध्ये, जन्मांची संख्या एकदम घसरली. जी बाळे जन्माला यायची होती त्यांतली काही आईबरोबर गेली, काही आईच्या तापात पोटातच गेली, आणि काहींचे आईबाप आधीच गेले होते.

गरोदर स्त्रियांची वेगळी मोजणी अमेरिकेत झाली. तिथल्या हॅरिस नावाच्या डॉक्टरने फ्लू झालेल्या १,३५० गरोदर स्त्रियांची माहिती गोळा करून १९१९ मध्ये छापली. त्यांतल्या सुमारे निम्म्या जणींना न्यूमोनिया झाला आणि न्यूमोनिया झालेल्यांतल्या सुमारे निम्म्या दगावल्या. एकूण मृत्यू २७ टक्के. ज्यांना न्यूमोनिया झाला नाही त्यांच्यातही साधारण चौघींपैकी एकीचे मूल टिकले नाही. हे आकडे वाचून घाबरू नका. डॉक्टरांनी कळवलेल्या केसेसमध्ये गंभीर केसेस नेहमीच जास्त असतात, आणि तेव्हा प्रतिजैविके, ऑक्सिजनची आजच्यासारखी सोय, विषाणूवरचे औषध, लस यांपैकी काहीच नव्हते. फ्लूचा विषाणू माणसात सापडला तोच १९३३ मध्ये. पण गरोदर बाईला फ्लू जड जातो ही गोष्ट तेव्हापासून प्रत्येक मोठ्या साथीत पुन्हा दिसली. १९५७ चा आशियाई फ्लू मे महिन्यात जहाजातून मद्रासला उतरला. त्या साथीत अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मूल होण्याच्या वयातल्या ज्या स्त्रिया दगावल्या, त्यांतल्या निम्म्या गरोदर होत्या. २००९ चा स्वाइन फ्लू तर तुम्हाला आठवतच असेल, देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला होता. त्या वर्षी अमेरिकेत लोकसंख्येत गरोदर स्त्रिया शंभरात एक असताना स्वाइन फ्लूच्या मृत्यूंत त्यांचा वाटा शंभरात पाच होता.

असे का होते? पोटातले बाळ अर्धे बापाचे असते, म्हणजे आईच्या शरीराला ते अर्धे परके. त्याला सांभाळून घेण्यासाठी प्रतिकारशक्तीची घडी थोडी बदलते. गर्भाशय वाढते तसा छातीखालचा पडदा सुमारे चार सेंटीमीटर वर ढकलला जातो आणि फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी होते. उलट ऑक्सिजनची गरज मात्र सुमारे २० टक्क्यांनी वाढलेली असते. जमा कमी आणि खर्च जास्त, अशा घरात आजारपण शिरले की काय होते ते तुम्ही जाणताच. त्यात आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बायका पुष्कळ, आणि पूर्व विदर्भात सिकलसेलही आहे. सिकलसेल असलेल्या गरोदर बाईने फ्लूच्या बाबतीत दुप्पट सावध राहावे.

कामाचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. बाळंतपणात कामगार बाईला पगारी विश्रांती मिळावी हा कायदा आपल्या देशात पहिल्यांदा मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये झाला. १९२८ साली कायदेमंडळात या विधेयकाच्या बाजूने बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. मध्य प्रांताचा कायदा १९३० चा, कोळसा खाणींतल्या बायकांना लागू होणारा १९४१ चा, आणि सगळ्या देशाचा १९६१ चा. २०१७ पासून रजा २६ आठवड्यांची झाली. पण हे सगळे हजेरीपटावर नाव असलेल्या बाईसाठी. तेंदूपत्ता तोडणारी, रोवणीला जाणारी, जानेवारी-फेब्रुवारीत तेलंगणात मिरची तोडायला जाणारी बाई कोणत्या कायद्यात बसते? तिच्यासाठी मानव विकास कार्यक्रमात अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या गरोदर स्त्रियांना ४,००० रुपये ठेवले आहेत, अर्धे नवव्या महिन्यात आणि अर्धे बाळंतपणानंतर. सरकारी कागदावर या रकमेचे नाव "बुडीत मजुरी" आहे. इतके खरे नाव सरकारी कागदावर क्वचितच सापडते. मात्र सहाव्या महिन्यात फ्लू होऊन आठ दिवस मजुरी बुडाली, तर त्याचा हिशेब यात नाही. म्हणून अंगात ताप असूनही बाई कामावर जाते. तिला दोष देण्यात अर्थ नाही.

तरी काही गोष्टी तुमच्या हातात आहेत. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, जोर धरतो आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये डोके वर काढतो. म्हणजे नेमका रोवणीचा आणि मिरची तोडणीचा हंगाम. उघड्या बांधीत वाऱ्यावर काम करताना फ्लू सहसा पसरत नाही. तो पसरतो कामावर नेणाऱ्या कोंबलेल्या गाडीत, रात्री पंधरा जणी एकत्र झोपतात त्या शेडमध्ये, बंद खिडक्यांच्या कार्यालयात आणि वर्गात. गाडीत शक्यतो उघड्या बाजूला बसा, तोंडाला मास्क किंवा निदान पदर घ्या, खोकणारीपासून हातभर तरी दूर झोपा. पाण्याचा गडवा आपला वेगळा ठेवा. आणि खर्रा! एकाच पन्नीतून चार जणींच्या बोटांनी फिरणारा खर्रा फ्लूलाही घेऊन फिरतो, तंबाखूने बाळाचे वजन घटते ते वेगळेच. अंगणवाडी सेविका, आशाताई, परिचारिका, शिक्षिका, एसटीच्या वाहक भगिनी यांचा तर संबंधच रोज शेकडो माणसांशी येतो. गरोदर असाल तर तापाच्या रुग्णांजवळचे काम दुसऱ्या कोणाकडे देता येईल का, हे वरिष्ठांना नि:संकोच विचारा.

लस घ्या. १९१८ च्या बायकांना जे मिळाले नाही त्यांतली ही पहिली गोष्ट. दंडात टोचायची फ्लूची लस मृत विषाणूची असते, तिच्यातून फ्लू होत नाही. नाकात फवारायची लस मात्र जिवंत विषाणूची असते, ती गरोदरपणात घ्यायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये फ्लूच्या लसीसाठी गरोदर स्त्रियांना सर्वांत आधी स्थान दिले. २००८ मध्ये बांगलादेशातल्या एका अभ्यासात दिसले की आईने गरोदरपणी लस घेतली तर बाळाला पहिल्या सहा महिन्यांत फ्लू होण्याचे प्रमाण ६३ टक्क्यांनी घटते. सहा महिन्यांखालच्या बाळाला स्वतःची लस देता येत नाही, त्यामुळे हे फार मोलाचे. महाराष्ट्र सरकारने २०१५ पासून दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या स्त्रियांसाठी ही लस मोफत सुरू केली. तपासणीला जाल तेव्हा धनुर्वाताच्या इंजेक्शनबरोबर हिचीही चौकशी करा, शक्यतो पावसाळ्याआधी.

ताप आलाच तर पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅस्पिरिन किंवा दुकानातली अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नका. ऑसेल्टामिवीर हे फ्लूवरचे औषध गरोदरपणात देता येते आणि सरकारी रुग्णालयांत मिळते. त्यात वेळ महत्त्वाची. २००९ च्या अमेरिकेतल्या गरोदर रुग्णांत दोन दिवसांच्या आत औषध सुरू झालेल्यांपैकी ९ टक्के अतिदक्षता विभागात गेल्या, चार दिवसांनंतर सुरू झालेल्यांपैकी ५७ टक्के. म्हणून तपासणीच्या रिपोर्टची वाट पाहत बसू नका. दम लागणे, छातीत दुखणे, थुंकीत रक्त, ओठ निळे पडणे, गुंगी, बाळाची हालचाल कमी वाटणे, यांतले काहीही दिसले तर त्याच तासाला निघा.

निघा म्हणणे सोपे आहे, हे मला कळते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि पूर येतो तो फ्लूच्याच दिवसांत. दोन दिवसांची मुदत नदीच्या काठावरच संपू शकते. त्या बाजूला राहत असाल तर पावसाळ्यात ताप चढायची वाट न बघता कणकण आली त्याच दिवशी आशाताईला कळवा, आणि दिवस भरत आले असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या माहेरघरात आधीच जाऊन राहा. तिथे जाताना खोकला असेल तर पोचल्याबरोबर सांगा, म्हणजे तुमची खाट इतर गरोदर बायकांपासून दूर, खिडकीजवळ लावतील.