वाशीहून दापोऱ्याकडे

मुंबईत १९७३ साली काही महिला वैज्ञानिकांनी एकत्र येऊन ‘इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन’ स्थापन केली. सगळे तिला ‘इव्सा’ म्हणतात. अमेरिकेत अशीच संघटना जेमतेम दोन वर्षं आधी, १९७१ मध्ये उभी राहिली होती. म्हणजे या बाबतीत आपण जगाच्या फार मागे नव्हतो. तरीही बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या दापोऱ्याची एखादी मुलगी आज बी. एस्सी.ला असेल, तर तिच्या कानावर हे नाव गेलेलं असण्याची शक्यता फार कमी आहे. पन्नास वर्षांहून जास्त वाटचाल झालेली संस्था आणि ही मुलगी यांच्यामध्ये नेमकं काय राहून गेलं, हे पाहण्यासाठी ही हकीकत सांगतो आहे.

इव्सा निघण्याआधी विज्ञानात शिरणाऱ्या बाईला एकटीनंच लढावं लागे. कमला सोहोनी म्हणजे माहेरच्या कमला भागवत, लेखिका दुर्गा भागवतांची बहीण, जन्म इंदूरचा. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा बाई आहे म्हणून सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष परीक्षेवर ठेवण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये त्यांनी पीएच. डी. मिळवली. त्यांच्या कामामुळे रामन यांचं मत बदललं आणि संस्थेचं दार इतर मुलींसाठी उघडलं. एका मुलीच्या जिद्दीनं एवढं साधलं हे खरं, पण प्रत्येक मुलीनं कमलाबाईंइतकं खंबीर असावं, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. संघटना लागते ती यासाठी.

इव्सानं व्याख्यानं आणि परिषदा केल्याच, पण मला तिचं मोठेपण दुसरीकडे दिसतं. नवी मुंबईत वाशीला मुख्यालय उभारताना या बायकांनी नोकरदार महिला आणि विद्यार्थिनींसाठी वसतिगृह काढलं, पाळणाघर काढलं, बालवाडी काढली, आरोग्य केंद्र आणि ग्रंथालय काढलं. प्रयोगशाळेतली बाई संशोधन कधी सोडते, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. मूल झालं आणि सांभाळायला कुणी नाही, बदलीच्या गावी राहायला सुरक्षित जागा नाही, अशा वेळी ती सोडते. बुद्धी कमी पडली म्हणून सोडणाऱ्या फार थोड्या. म्हणून त्यांनी आधी पाळणा टांगला. विज्ञानसंस्थेच्या इतिहासात पाळणाघराला मानाचं पान मिळालं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

शाखाही निघाल्या. पुणे, कोल्हापूर, नागपूर, अमरावती, बडोदे, दिल्ली, लखनौ, रुडकी, हैदराबाद, बंगळुरू, कल्पक्कम. कल्पक्कमला अणुऊर्जा केंद्र, रुडकीला जुनं अभियांत्रिकी शिक्षण. जिथे संशोधनसंस्था किंवा विद्यापीठ, तिथे शाखा, असा सरळ हिशेब यात दिसतो. तो चुकीचा नाही, पण त्यामुळे खानदेश-निमाडचा, म्हणजे दापोऱ्याच्या बाजूचा, पट्टा मधल्यामध्ये रिकामा राहिला.

दरम्यान पुण्याच्या एका मुलीनं हे काम आणखी पुढे नेलं. हुजूरपागा, स. प. महाविद्यालय आणि आयआयटी मुंबई अशी वाट चालून आलेल्या रोहिणी गोडबोले कणभौतिकीत जगन्मान्य झाल्या आणि तेवढ्याच तळमळीनं त्यांनी विज्ञानातल्या बायकांना एकमेकींशी जोडलं. राम रामस्वामी यांच्यासोबत त्यांनी संपादित केलेलं ‘लीलावतीज डॉटर्स’ हे पुस्तक भारतीय विज्ञान अकादमीनं २००८ मध्ये काढलं. त्यात भारतीय महिला वैज्ञानिकांच्या वाटचाली आहेत. एकीची हकीकत दुसरीपर्यंत पोचवणं हेही जाळं विणणंच. रोहिणीताई ऑक्टोबर २०२४ मध्ये गेल्या. त्यांच्या पिढीनं घातलेल्या पायावर पुढची माणसं उभी आहेत. भारतीय भौतिकी संघटनेनं २०१७ मध्ये लिंगभाव कार्यगट नेमला. प्रज्वल शास्त्री त्याच्या संस्थापक अध्यक्ष. २०१९ च्या सप्टेंबरात हैदराबाद विद्यापीठात या गटाची परिषद झाली आणि भौतिकशास्त्रातल्या समानतेसाठी ‘हैदराबाद सनद’ तयार झाली. भौतिकशास्त्रातल्या स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद पहिल्यांदा २००२ मध्ये पॅरिसला भरली होती. २०२३ मध्ये तिचं आठवं सत्र भारतानं ऑनलाइन भरवलं.

आता दोन आकडे शेजारी ठेवतो. अखिल भारतीय उच्चशिक्षण पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी होते. त्यांत मुली २९.८ लाख, म्हणजे मुलांपेक्षा जास्त. पण प्रत्यक्ष संशोधन-विकासाच्या कामात २०१८ साली बायकांचं प्रमाण १६.६ टक्के होतं. दोन्ही आकडे एकाच वर्षाचे किंवा एकाच पिढीचे नाहीत, हे धरूनही दरी मोठी आहे. मुली वर्गात येतात. पदवी आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये कुठेतरी त्यांची वाट तुटते, आणि नेमक्या त्याच वयात त्यांच्या बाजूला कुणी नसतं.

या वयाच्या मुलींनी चालवलेले काही गट मात्र आहेत. अभियांत्रिकीत ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेच्या ‘विमेन इन इंजिनीअरिंग’ या उपक्रमाचे गट महाविद्यालयांत चालतात. अध्यक्ष, सचिव विद्यार्थिनीच, आणि त्यांच्या अखिल भारतीय मेळाव्यात वेगवेगळ्या गावांच्या पदाधिकारी एकमेकींना भेटतात. ही रचना मला महत्त्वाची वाटते, कारण विद्यार्थिनींच्या गटाचं दुखणं एकच असतं. उत्साही मुलगी अध्यक्ष होते, वर्षभर कार्यक्रम घेते, परीक्षा देते आणि निघून जाते. तिच्याबरोबर वक्त्यांचे फोन नंबर जातात, प्राचार्यांकडून परवानगी कशी मिळवली ते जातं, कोणत्या शिक्षिका खरी मदत करतात तेही जातं. पुढची मुलगी पहिल्यापासून सुरू करते. शेजारच्या महाविद्यालयातली अध्यक्ष ओळखीची असेल, आधीची अध्यक्ष सल्लागार म्हणून राहिली असेल, तरच गट दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जगतो. इव्सा पन्नास वर्षं टिकली, कारण तिथल्या बायका नोकरीत होत्या, एका शहरात वर्षानुवर्षं राहिल्या. विद्यार्थिनींना ती स्थिरता नाही. ती त्यांना जुन्या संस्थेकडूनच उसनी मिळू शकते.

दापोऱ्याची अडचण याहून एक पायरी पुढची. गाव मध्य प्रदेशात. विद्यापीठ, शिष्यवृत्ती, परीक्षा सगळं त्या राज्याचं, इंदूरच्या दिशेचं. पण जवळचं मोठं शहर पाहायचं तर रेल्वेनं भुसावळ आणि जळगाव. जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ इंदूरपेक्षा बरंच जवळ आहे. राज्याची हद्द विद्यापीठ ठरवते, पण मैत्री ठरवत नाही. केळीच्या पिकावर पडणारा करपा हद्द पाहत नाही, जमिनीतलं खोल जाणारं पाणी हद्द पाहत नाही. बऱ्हाणपुरात मोगल काळात बांधलेली कुंडी भंडाऱ्याची भूमिगत पाणीव्यवस्था आहे. हद्दीपलीकडच्या रावेरच्या आणि दापोऱ्याच्या मुलींनी मिळून तिच्या पाण्याचे नमुने तपासले, केळीच्या पानांवरच्या रोगाच्या नोंदी ठेवल्या, तर तो दोन राज्यांच्या विद्यार्थिनींचा खराखुरा विज्ञानगट होईल. व्याख्यानमालेपेक्षा असं एकत्र केलेलं काम माणसं घट्ट जोडतं.

म्हणून बऱ्हाणपूर, रावेर, भुसावळ आणि जळगाव इथल्या प्रत्येकी एका महाविद्यालयातल्या विज्ञानाच्या प्राध्यापिकांना माझी विनंती आहे. आपापल्या महाविद्यालयातून दोन विद्यार्थिनी निवडा, एक शेवटच्या वर्षाची आणि एक पहिल्या वर्षाची, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहील. या आठ जणींची एक बैठक भुसावळला घ्या, गाडीनं सगळ्यांना सोयीचं पडतं. आणि त्या बैठकीतून पहिलं पत्र वाशीला, इव्साच्या मुख्यालयाला लिहा.