दामदुपटीची वही

डोंबिवलीतील आमच्या एका सहकाऱ्याच्या घरी २०२५च्या जानेवारीत एक वही आमच्या हाती आली. सहकाऱ्याचे वडील आयुष्यभर सकाळच्या गाडीने मुंबईस जाणारे कारकून. निवृत्तीनंतर, जानेवारी २०१८ मध्ये, त्यांनी पाच लाख रुपयांचे भारत सरकारचे ७.७५ टक्क्यांचे बचतरोखे घेतले. मुदत सात वर्षांची, व्याज सहामाही चक्रवाढीने साठत जाणारे. रोखे घेतले त्याच दिवशी त्यांनी वहीत चौदा ओळी आखल्या असाव्यात, कारण चौदाही तारखा एकाच शाईत आहेत. पहिल्या सहामाहीपुढे १९,३७५ रुपये, दुसरीपुढे २०,१२५ रुपये ७८ पैसे, असे करीत सहा ओळी भरलेल्या. सहावी जानेवारी २०२१ची. त्या वर्षी ते गेले. पुढच्या आठ ओळींत नुसत्या तारखा होत्या.

वारसाच्या नावावर रोखे चढवण्याचे सोपस्कार यथावकाश पार पडले. अडचण निराळीच निघाली. वडील दर वर्षी साठलेले व्याज त्या त्या वर्षाच्या प्राप्तिकर-विवरणात दाखवीत असत. तेच पुढे चालवायचे तर वर्षावर्षाचा आकडा हवा. एका सरकारी संकेतस्थळावर तो मिळेल असे कळल्यावरून सहकारी तेथे जाऊन बसू लागला. वाकडीतिकडी अक्षरे ओळखून दाखवायची, मग परवलीचा आकडा यायचा तो वडिलांच्या बंद झालेल्या भ्रमणध्वनीवर. क्रमांक बदलून घेण्यात काही महिने गेले. शेवटी पान उघडले, तेव्हा त्यावर दोनच रकमा होत्या : गुंतवलेली आणि मुदतीअंती मिळणारी. मधली सात वर्षे कोठेच नव्हती. काही क्षणांत ‘आपले सत्र समाप्त झाले आहे’ अशी सूचना आली. अध्यापनाच्या व्यवसायात सत्र शब्दाचा इतका आखूड अर्थ आम्ही तोवर ऐकला नव्हता.

हा प्रसंग सांगण्याचे कारण आम्ही साहित्याचे विद्यार्थी आहोत आणि ‘व्याज’ हा शब्द आमच्या ओळखीचा आहे. संस्कृतात त्याचा अर्थ मिष, निमित्त, बहाणा. अलंकारशास्त्रातील व्याजस्तुती आणि व्याजोक्ती शिकवताना आपण तोच अर्थ सांगतो. कर्जावरील वाढीला संस्कृतात वृद्धी किंवा कुसीद म्हणत. मराठीने मात्र त्यासाठी ‘व्याज’ हाच शब्द रूढ केला. या अर्थांतरामागे काही टोमणा होता की काय, यावर आम्ही पैज लावणार नाही. पण धनकोऋणकोंचा जो इतिहास महाराष्ट्रात घडला, त्याला हा शब्द शोभून दिसतो.

त्या इतिहासातील वाद बहुतेक वेळा पैशाइतकाच कागदाचा होता. तुकोबांनी घरच्या सावकारीतील आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवल्याचे चरित्रपरंपरा सांगते. कर्ज बुडवणारे पुष्कळ असतात. येथे धनकोनेच ते बुडवले, आणि त्यासाठी कागद बुडवणे पुरेसे होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली तेव्हा त्यांनाही हवे होते ते कर्जरोखेच. पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत ते हिसकावून जाळले गेले. रोखे निमूट हवाली झाले की जमाव बहुधा पुढे जात नसे. ठाणे जिल्हा त्या टापूत नव्हता, दंगे घाटावरचे.

त्या रोख्यांत काय होते हे मात्र नीट पाहिले पाहिजे. हिंदू विधीनुसार दामदुपटीचा नियम होता आणि मुंबई इलाख्यातील न्यायालये तो मानीत : कोणत्याही एका वेळी थकलेले व्याज मुदलाहून अधिक वसूल करता येत नाही. शंभराचे फार तर दोनशे. यावर तोड म्हणजे नवा रोखा. जुने मुद्दल अधिक थकलेले व्याज मिळून नवे मुद्दल धरायचे आणि अंगठा घ्यायचा. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर दावा लावण्यास तीनच वर्षे ठेवली. हेतू कुळाच्या रक्षणाचा. फळ उलटे, कारण सावकार आता दर तीन वर्षांनी रोखा फिरवून घेऊ लागला. चक्रवाढ म्हणतात ती हीच. वही सावकाराकडे, अक्षरओळखही त्याच्याकडे. कुळाला एवढेच कळे की आपण फेडतो आहोत आणि देणे वाढते आहे.

दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यातील न्यायालयीन तरतुदींची चर्चा इतिहासकारांनी पुष्कळ केली आहे. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते त्यातील एक साधे प्रकरण : शेतकऱ्याला भरलेल्या रकमेची लेखी पावती मागण्याचा हक्क, वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क, आणि पासबुकात वेळोवेळी नोंद करून घेण्याचा हक्क. व्याज किती झाले हे दोन्ही बाजूंना वाचता आले पाहिजे, हे राज्यकर्त्यांनी तेव्हा कायद्यात लिहून टाकले.

पुढे पारडे फिरले. ठाणे, कल्याण, डोंबिवलीचा पगारदार पोस्टात पैसे ठेवू लागला. म्हणजे तो धनको झाला आणि सरकार ऋणको. १९८६च्या इंदिरा विकास पत्राने पैसे पाच वर्षांत दुप्पट करून देण्याचे वचन दिले; त्यावर धारकाचे नावही नसे, हरवले की गेले. १९८८च्या किसान विकास पत्राने साडेपाच वर्षांत तेच वचन दिले. शतकापूर्वी जी दामदुपट ऋणकोचे कुंपण होती, ती आता ऋणको सरकारचे आमिष झाली. हे पत्र २०११ साली बंद झाले, २०१४ साली पुन्हा आले तेव्हा दुपटीला १०० महिने लागत, आणि एप्रिल २०२३ पासून ११५. कुंपण चांगले की आमिष, हे वर्गात विचारून पाहण्यासारखे आहे.

छापील पत्रेही २०१६च्या एप्रिलपासून थांबली. २०२०च्या जुलैपासून जे बचतरोखे निघतात त्यांचा दर स्थिर नाही. राष्ट्रीय बचत पत्राच्या दरात ०.३५ टक्के मिळवून तो दर सहा महिन्यांनी नव्याने ठरतो, व्याज १ जानेवारीस आणि १ जुलैस हाती येते, साठवण्याची सोय नाही. त्या रोख्यांसाठी चौदा ओळी आखता येतील, आकडे आधी मांडता येणार नाहीत.

आम्ही त्या वहीतल्या आठ ओळी सहकाऱ्याच्या स्वयंपाकघरातील टेबलावर भरल्या. प्रत्येक रकमेला १.०३८७५ने गुणायचे, एवढेच काम. तरी दोनदा चुकलो. ‘‘तुम्ही मराठीचे ना? मग गुणाकार करताय कशाला?’’ असे सहकाऱ्याच्या आईंनी विचारले आणि चहा ठेवला. चौदाव्या ओळीअंती बेरीज आली ८,५१,३८२. बँकेत जमा झाले होते ८,५१,५००. फरक ११८ रुपयांचा.

हिशेब पुन्हा केला, तेवढाच आला. शेवटी लक्षात आले की योजनेच्या छापील अटींत हजार रुपयांचे मुदतीअंती १,७०३ होतील असे म्हटले आहे. खरा गुणाकार १,७०२ रुपये ७६ पैशांचा. सरकारने हजारामागे चोवीस पैसे वरचे धरले होते, आणि पाच लाखांवर त्याचे ११८ झाले. संकेतस्थळाने यातले काही सांगितले नव्हते. आईंना मात्र ते पटेना. न मागता आलेले पैसे म्हणजे नंतर कोणीतरी मागायला येणार, असे त्यांचे म्हणणे. आम्ही अटींचा कागद दाखवला, चोवीस पैशांचा हिशेब समजावला. त्यांनी तो दोनदा ऐकला, वही जवळ ओढली, आणि पंधरावी ओळ आखून ‘जास्तीचे’ असे लिहून त्यापुढे ११८ हा आकडा मांडला.