डिकीत स्कूटर नेणारी सिटी

होंडा सिटी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते ती लांबसडक सेडान. १९९८ साली ती भारतात आली आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये ज्यांच्यावर रोज रात्री कव्हर चढतं, अशा गाड्यांत तिची गणना होऊ लागली. पण हे नाव मुळात तिचं नव्हे. ते ज्या गाडीचं, ती जेमतेम ३.३८ मीटर लांब होती. म्हणजे आपल्या मारुती ८००पेक्षा दोन-तीन बोटं जास्त. वर आखूड नाकाची, उभट, आणि खरं सांगायचं तर दिसायला थोडी विनोदीच.

गोष्ट सुरू होते १९७८मध्ये, जपानात. सिव्हिक आणि अकॉर्ड आता फारच ओळखीच्या झाल्या, असं होंडाच्या वरिष्ठांना वाटू लागलं होतं. त्यांनी तरुण इंजिनिअर आणि डिझायनरांचा एक चमू बसवला. सरासरी वय २७. घोषवाक्य दिलं, ‘जुगार खेळू या’. अटी दोनच: गाडी आजवरच्या कुठल्याही गाडीसारखी नको, आणि ती स्वस्त असावी पण हलकी वाटू नये. एवढ्यावर वरिष्ठ बाजूला झाले. (असे वरिष्ठ कुणाला भेटत असतील तर त्यांनी देव पाण्यात ठेवायचं कारण नाही.)

चमूचा म्होरक्या हिरोओ वातानाबे याने प्रश्न टाकला: मोटारगाडी हा जिवंत प्राणी असता, तर उत्क्रांत होत होत तो कसा झाला असता? निघालेलं उत्तर असं: माणसाला जास्तीत जास्त जागा, यंत्राला कमीत कमी. तेव्हा चांगली गाडी म्हणजे लांब आणि बसकी, असा रिवाज होता. यांनी तो उलटा केला. लांबी कापली, उंची वाढवली. चाळीतल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. खाली जागा संपली की तो माळाच काढतो. या ठेवणीला त्यांनी ‘टॉल बॉय’ म्हटलं.

नाक आखूड करायचं तर इंजिनही आखडायला हवं. सिटीच्या १,२३१ सीसीच्या चार सिलिंडरांचा व्यास फक्त ६६ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ९० मिलिमीटर. सिलिंडर सडपातळ, त्यामुळे चारही शेजारी शेजारी उभे केले तरी आडव्या बसवलेल्या इंजिनाला रुंदी कमी पुरते. एकंदर गाडीचा न्याय इंजिनालाही: आडवं पसरू नका, उभे राहा.

नोव्हेंबर १९८१मध्ये गाडी बाजारात आली आणि तिच्यासोबत तिचं पिल्लूही आलं, मोटोकॉम्पो. ही ४९ सीसीची स्कूटर सिटीच्या डिकीच्या मापानेच बेतलेली होती. हँडल मोडून आत दाबायचं, सीट खाली ढकलायची, पायठेवणी मिटवायची, वरून झाकण लावायचं. उरते ती दोन चाकं लावलेली एक चपटी पेटी. डिकीत ती आडवी पडली तरी पेट्रोल, ऑइल सांडू नये याचीही सोय होती. मात्र वजन चाळीस किलोंच्या वर. पेटी उचलून डिकीत घालताना कंबरेने काय म्हटलं असेल, ते जाहिरातीत अर्थातच नव्हतं. जाहिरातीत ‘मॅडनेस’ हा ब्रिटिश बँड एकामागे एक चिकटून नाचत होता. १९८३पर्यंत मोटोकॉम्पोचं उत्पादन थांबलंही.

सिटी मात्र बहरली. १९८२मध्ये टर्बो आली. पुढच्या वर्षी आलेली टर्बो-२ तिच्या फुगीर गालांमुळे ‘बुलडॉग’ म्हणून ओळखली गेली. १९८४मध्ये पिनिनफरिना या इटालियन डिझाइन कंपनीच्या हाताखालून गेलेली उघड्या टपाची सिटी निघाली. युरोपात ‘सिटी’ हे नाव ओपेलकडे अडकलेलं, म्हणून तिकडे हीच गाडी ‘जॅझ’ म्हणून विकली गेली.

१९८६मध्ये दुसरी पिढी आली, ती नेमकी बसकी आणि रुंद! पाच वर्षांपूर्वी ज्या रिवाजाशी भांडण मांडलं, त्याच्याच घरी जाऊन राहावं तसं. १९९४पर्यंत ती चालली आणि सिटी संपली. १९९६मध्ये नाव उचलून थायलंडमधल्या नव्या सेडानला दिलं गेलं. तीच पुढे आपल्याकडे आली. उभटपणाचा वारसा मात्र २००१च्या फिटकडे गेला. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली सरकवून मागे जागा काढणारी ही गाडी भारतात ‘जॅझ’ म्हणून २००९मध्ये आली.

एक धागा तर गाड्यांच्या पलीकडे गेला. १९८६मध्ये ताकेउची आणि नोनाका या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी एका लेखात जपानी कंपन्यांची कामाची रीत तपासली. त्यांच्या मोजक्या उदाहरणांत ही सिटी होती. सगळे मिळून चेंडू पुढे नेतात म्हणून त्यांनी रग्बीची उपमा वापरली, आणि त्यातला ‘स्क्रम’ हा शब्द पुढे सॉफ्टवेअरवाल्यांनी उचलला. हिंजवडीत रोज सकाळी उभ्याने होणाऱ्या स्क्रमच्या मीटिंगमधल्या किती जणांनी ही उभट गाडी पाहिली असेल?

भारतातली जॅझ २०२३मध्ये बंद झाली. त्याच वर्षी होंडाने अमेरिकेत मोटोकॉम्पॅक्टो नावाची विजेवरची स्कूटर आणली. तीही मिटली की पेटी होते. वजन मात्र आता एकोणीस किलोंच्या आत.