अंगणात आलेली शाळा



मूल तीन वर्षांचे झाले की आपल्या घराघरांत एक प्रश्न उभा राहतो. अलिबाग असो, मुरूड असो, उरण असो की श्रीवर्धन. एका मोहल्ल्यात सरकारी अंगणवाडी असते, कुठे नगरपरिषदेची वा एखाद्या संस्थेची बालवाडी असते आणि थोडे पुढे गेले की फी घेणारा के.जी.चा वर्ग. आखातात नोकरीला असलेला बाप कळवितो, "मुलाला इंग्रजीत घाला." मग अंगणवाडीला "खिचडीची शाळा" म्हणून आपण पाठ फिरवितो. अशी तुलना करण्यापूर्वी या शाळा कोठून आल्या हे आपण पाहावे, एवढीच माझी विनंती आहे. कारण ही हकिगत आपल्याच कोकण किनाऱ्यावरची आहे.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो वस्तीत पहिले बालगृह काढले ते कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. परंतु शहरांत साधने महागडी व फी जबर होऊन बसली. गरिबांच्या वस्तीत जन्मलेली पद्धत सुखवस्तूंच्या दारी जाऊन राहिली. (चांगल्या गोष्टींचे आपल्याकडे बहुधा असेच होते!)

ताराबाईंना हे सलत होते. १९४५ साली त्या उत्तर कोकणातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. बालवाडी उघडली, पण गरीब वाड्यांवरील मुले येईनात. आईबाप मजुरीला गेलेले, कडेवर धाकटे भावंड, अंगात धड कपडा नाही. अशी मुले शाळेत येणार कशी? तेव्हा शिक्षिकाच वाडीवर गेल्या. मुलांना अंगणात गोळा करून आंघोळी घातल्या, केस विंचरले आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू केले. 'अंगणवाडी' हा शब्द असा जन्मला. विकतची साधने परवडत नव्हती म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. आपल्या किनाऱ्यावर यांपैकी कशाचा तुटवडा आहे, सांगा बरे?

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकत्र ठेवले गेले. त्यामुळे धाकट्याला सांभाळणाऱ्या बहिणीची शाळा सुटत नसे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शाळेच्या वेळेत मूल बसवायचे नाही, मुलाच्या दिवसात शाळा बसवायची, हा तेथला रिवाज होता.

सरकारचा हात मागाहून आला. १९४४ च्या सार्जंट योजनेत बालशाळांतून दहा लाख मुलांची सोय करावी अशी शिफारस होती, ती बव्हंशी कागदावरच राहिली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. त्यांत मुंबईची धारावीही होती. शब्द बोर्डीचा घेतला, काम मात्र पुष्कळ वाढविले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एका सेविकेच्या माथी आल्या. तिने पट भरावा, वजने घ्यावीत, घरोघर फिरावे आणि उरल्या वेळात गाणे शिकवावे! ती शिकवीत नाही असे म्हणण्यापूर्वी हा भार ध्यानात घ्यावा. तिला व मदतनिसाला मिळते ते मानधन. ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावे लागले.

आता तुलना करा. के.जी.त बाके, गणवेश व पाटी-पुस्तके दिसतील. पण मूल तासभर हात बांधून बसलेले असेल तर ते माँटेसरीचे नाव असले तरी माँटेसरीचे नव्हे. अशा एका वर्गात "घरची बोली इथे बोलायची नाही" असे चार वर्षांच्या पोराला दटावताना मी ऐकले आहे. पोर घरी कोकणी बोलते, मकतबात उर्दू ऐकते, बाजारात मराठी. त्याने बोलावे तरी काय? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही घरच्या भाषेवर भर दिला आहे. अंगणवाडीत जाल तेव्हा ताटाबरोबर खेळणीही पाहा: ती मुलांच्या हातात आहेत की कपाटात? सेविका मुलांशी बोलते की केवळ हजेरी घेते? आणि जागा? शहरांत भाड्याच्या एका खोलीत वर्ग भरतो, तेथे अंगणवाडीला अंगणच नसते.

आणखी एक अडचण आपल्या समाजाची आहे. सकाळच्या मकतबाची वेळ आणि अंगणवाडीची वेळ कित्येक ठिकाणी एकमेकींवर येते व मूल एकीकडून तुटते. मोहल्ल्याच्या जमातीने सेविकेबरोबर बसून अर्ध्या तासाचा फरक केला तर हे सुटण्यासारखे आहे. आणि जेथे अंगणवाडीच नाही तेथे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या १३ डिसेंबर २००६ च्या आदेशानुसार, ज्या गावात वा झोपडवस्तीत सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले आहेत, तिला मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी चाळीस नावांची यादी लागते. ती करायला आपल्या दहावी-बारावीच्या मुलामुलींना एक रविवार पुरेल.