माळवद, स्लॅब आणि फोम

नांदेड-लातूरच्या घरांतल्या खोल्या घुमू लागल्या त्या सिमेंट आल्यावर. त्याआधीचे इथले घर म्हणजे माळवद. भिंती पांढऱ्या मातीच्या किंवा मातीत बसवलेल्या दगडांच्या, दीड-दोन हात रुंद. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर दाटीने मांडलेली लाकडे आणि त्यांवर पुन्हा पांढऱ्या मातीचा जाड थर. घर किती मोठे, हे फुटांत नव्हे तर खणांत सांगत. भिंतीच्या जाडीतच कोनाडे आणि धान्याचे बळद असे, उजेडासाठी छताला साणे ठेवलेले असे. जमीन शेणाने सारवलेली, कोपऱ्यात वाकळांची चळत, हंगामात वेचून आणलेल्या कापसाचा ढीग.

अशा घरात बोललेला शब्द जिथल्या तिथे विरतो. शेणामातीचा गिलावा सिमेंटपेक्षा थोडासाच अधिक आवाज गिळतो. मोठे काम करतात कापूस, वाकळा आणि पोती. कोनाड्यांमुळे भिंत सपाट राहत नाही, म्हणून आवाज एका दिशेने उलटून न येता विखुरतो. साण्यातून गेलेला आवाज तर परत येतच नाही. ध्वनिशास्त्रात शोषण मोजण्याचे जुने माप हेच होते: उघड्या खिडकीचे क्षेत्रफळ.

ते माप अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाने रूढ केले. तिथल्या फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही, त्यामुळे व्याख्यान कळेना. १८९५ साली ते घुमणे आवरण्याचे काम सेबाइनकडे आले. शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची आणि आवाज विझायला किती वेळ लागतो ते मोजायचे, असा त्याचा क्रम होता. गाद्या वाढल्या की घुमणे कमी होई. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरतात: खोलीचे घनफळ जितके मोठे तितका निनाद लांब, आणि शोषण जितके अधिक तितका तो आखूड. खोलीतला आवाज ताब्यात आणणारे सेबाइनचे पहिले साधन म्हणजे साधी गादी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मराठवाड्यात घुमणारी जागा नव्हती असे नाही. ती देवाची होती. देगलूर तालुक्यातल्या होट्टलचे चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिर दगडी आहे. नांदेडच्या तख्त सचखंड गुरुद्वाराची इमारत महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतली. दगडी मंडपात भजनाचा सूर रेंगाळतो आणि तिथे तो रेंगाळावा असेच वाटते. जात्यावरच्या ओव्या मात्र घरातल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून त्या हजारोंनी जमवल्या; त्यांतल्या कित्येक १९९०च्या दशकात गावोगावी ध्वनिमुद्रित झाल्या, शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्याही.

खेड्यांतली ही घरे मागे पडली ती भूकंपानंतर. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि माळवदाची टनावारी माती झोपेतल्या लोकांवर कोसळली. ज्या जाडीने उन्हाळा आणि गोंगाट बाहेर ठेवला, तिनेच जीव घेतला. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसली, घरे सिमेंटची झाली, आणि माळवदाची भीती सगळ्या भागात पसरली. ती भीती योग्यच होती. माळवदाच्या आठवणीने कोणी हळहळावे असे ते बांधकाम भूकंपाच्या दृष्टीने नव्हते. पण सपाट गिलावा, वर स्लॅब, खाली फरशी आणि समोरासमोरच्या समांतर भिंती यांमुळे राहती खोली पहिल्यांदाच देवळासारखी घुमू लागली.

शहरांत हा बदल आधीच सुरू झाला होता, पण तेव्हा ध्वनिमुद्रण सहसा घरात होत नसे. गाणे किंवा भाषण नोंदवायचे तर बहुधा आकाशवाणीच्या केंद्रात जावे लागे, नाहीतर कॅसेटच्या काळात मोठ्या शहरातला स्टुडिओ गाठावा लागे. रेडिओच्या स्टुडिओत छिद्रे पाडलेल्या फळ्या, त्यामागे काचतंतूंची लादी, दुहेरी दारे अशी तजवीज असते. पुढे संगणक, स्वस्त मायक्रोफोन आणि मोबाइल आले, आणि भीमगीते व भजने म्हणणारे गायक, निवेदक घरातच नोंदणी करू लागले. २०२०च्या टाळेबंदीत वर्ग बंद झाले, तेव्हा शिकवणीसाठी प्रसिद्ध असलेल्या लातुरातल्या शिक्षकांनाही घरच्या खोलीतून शिकवावे लागले. तेव्हा कळले की कानाला न जाणवणारे घुमणे मायक्रोफोनला नेमके ऐकू येते.

सेबाइनच्या सूत्राने हिशेब सोपा होतो. तीन मीटर बाय चार मीटर खोली, उंची तीन मीटर, म्हणजे घनफळ ३६ घनमीटर आणि एकूण पृष्ठभाग ६६ चौरस मीटर. गिलावा आणि फरशी सरासरी तीन टक्के आवाज शोषतात असे धरले, तर रिकाम्या खोलीत निनाद सुमारे तीन सेकंद टिकतो. दहा चौरस मीटर भागावर ८० टक्के शोषणारा थर लावला की तो ०.६ सेकंदांवर येतो.

या थरासाठी आज फोम वापरतात. त्याचे मूळ जर्मनीतल्या ओटो बायर यांच्या १९३७च्या पॉलियुरेथेन संशोधनात आहे. मऊ फोम १९५०च्या दशकात गाद्या-उशांसाठी कारखान्यांतून निघू लागला आणि नंतर स्टुडिओच्या भिंतींवर गेला. त्याची छिद्रे एकमेकांना जोडलेली असतात. हवेची हालचाल त्यांत घासली जाते आणि आवाजाची ऊर्जा किंचित उष्णतेत बदलते. थर्माकोलची छिद्रे बंद असल्यामुळे तो इथे निरुपयोगी ठरतो, आणि भिंतीवर चिकटवलेले अंड्यांचे ट्रेही फारसे काही करत नाहीत.

फोमची मर्यादा जाडीत आहे. १०० हर्ट्झच्या आवाजाची लहर ३.४ मीटर लांब असते, आणि तो नीट शोषायला तिच्या पाव लांबीइतकी, म्हणजे ८५ सेंटीमीटर जाडी लागते. दोन इंची फोम तीक्ष्ण स्वर गिळतो, पण ढोलकीचा घुमारा आणि पुरुषी आवाजाचा खर्ज खोलीत तसाच सोडतो. सगळी भिंत पातळ फोमने मढवली की आवाज कोंदट आणि गढूळ होतो तो यामुळेच. खर्ज कोपऱ्यांत साचतो, म्हणून तिथे जाड थर हवा. एकेकाळच्या उस्मानशाही कापड गिरणीच्या नांदेडात आणि कापूस पिकणाऱ्या या पट्ट्यात तो थर महाग पडू नये: पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली कापसाची गादी कोपऱ्यात उभी करावी, मागे हवेची जागा ठेवावी, आणि बोलणाऱ्याच्या पाठीमागे भिंतीपासून वीतभर सोडून घोंगडी किंवा दुमडलेली वाकळ टांगावी. फोम विकत घेतलाच, तर तो बोलणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना कानाच्या उंचीवर आणि डोक्यावरच्या स्लॅबला लावावा. आवाज पहिल्यांदा उलटतो तो तिथून.

साधा फोम झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातल्या एका नाइट क्लबमध्ये २० फेब्रुवारी २००३ रोजी आतषबाजीच्या ठिणग्यांनी भिंतीवरचा फोम पेटला आणि १०० जण दगावले. एकाच दाराच्या खोलीत आगरोधक प्रतीचाच फोम घ्यावा आणि तो वायरिंग व दिव्यांपासून दूर ठेवावा. कापूसही जळतोच, त्यामुळे गादीलाही हाच नियम लागू.

रस्त्यावरची वाहने आणि शेजारचा भोंगा फोमने थांबत नाहीत. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागते, आणि ते माळवदाच्या भिंतीत होते. स्लॅबच्या खोलीत खिडकीला दुहेरी काच, दाराच्या फटींना रबराची पट्टी आणि जड दार एवढेच करता येते. मग हवा बंद होते, आणि मे महिन्यात पंखा व कूलर थांबवून नोंदणी करायची तर ती पहाटेच उरकावी लागते.