निविदेशिवाय सरकारी खरेदी: नियम काय सांगतात आणि तुम्ही काय विचारू शकता

सरकारी कार्यालयाने निविदा न काढता खरेदी केली, एवढ्यावरून ती बेकायदेशीर ठरत नाही. काही ठरावीक परिस्थितीत नियमच तशी मुभा देतात. मात्र त्यासाठी कारण लेखी नोंदवावे लागते आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. खर्च होणारा पैसा जनतेचा असल्याने ते कारण विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

सर्वसाधारण नियम

केंद्र सरकारच्या खरेदीला ‘सामान्य वित्तीय नियम, २०१७’ लागू होतात. जी वस्तू किंवा सेवा जेम पोर्टलवर उपलब्ध आहे, ती तिथूनच घेणे बंधनकारक आहे (नियम १४९). सरकारी कंत्राटे सामान्यतः लिलाव किंवा निविदेनेच द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मेरठ महानगरपालिकेच्या प्रकरणात सांगितले. स्पर्धेविना कंत्राट दिल्यास इतर पुरवठादारांची समान संधी जाते आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ ला बाधा पोहोचते. याच निकालाच्या आधारे केंद्रीय दक्षता आयोगाने जुलै २००७ मध्ये सर्व विभागांना सूचना दिल्या.

निविदेशिवाय खरेदी केव्हा करता येते?

• लहान खरेदी (नियम १५४): २०१७ मध्ये ही मर्यादा एका वेळी २५,००० रुपये होती. अशा मर्यादा वेळोवेळी बदलतात. वस्तूचा दर्जा योग्य व किंमत वाजवी असल्याचे प्रमाणपत्र अधिकाऱ्याला द्यावे लागते.
• एकच उत्पादक (नियम १६६): दुसरी कोणतीही बनावट का चालणार नाही, याची कारणे नोंदवावी लागतात.
• तातडी (नियम १६६): वस्तू विशिष्ट पुरवठादाराकडूनच घेणे का आवश्यक आहे, हे लिहावे लागते.
• जुन्या यंत्राशी जुळणारे सुटे भाग (नियम १६६): यासाठी तांत्रिक तज्ज्ञाचा सल्ला लागतो.
• सल्लागाराची थेट निवड (नियम १९४): संपूर्ण समर्थन व सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी हवी.

सवलतीचा गैरवापर कसा ओळखावा?

मोठ्या मागणीचे तुकडे करून प्रत्येक बिल मर्यादेखाली ठेवणे नियम १५७ नुसार निषिद्ध आहे. एकाच दुकानाची, लागोपाठच्या तारखांची, मर्यादेपेक्षा थोड्याच कमी रकमेची बिले दिसली तर चौकशी करावी. तसेच निधी परत जाऊ नये म्हणून मार्चअखेर केलेली घाई म्हणजे तातडी नव्हे. वर्षअखेरीस खर्चाची झुंबड उडणे हा वित्तीय शिस्तीचा भंग मानला जातो.

माहिती कशी मागाल?

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अंतर्गत अर्ज करा. केंद्रीय कार्यालयांसाठी शुल्क १० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना शुल्क नाही. ‘भ्रष्टाचार झाला का?’ असे न विचारता कागदपत्रांच्या प्रती मागा:

१. खरेदीचा मंजुरी आदेश व फाइलवरील टिपणी
२. निविदा न काढण्याची नोंदवलेली कारणे
३. किंमत वाजवी असल्याचे प्रमाणपत्र
४. त्याच पुरवठादाराला त्या आर्थिक वर्षात दिलेल्या सर्व पुरवठा आदेशांची यादी

उत्तर सामान्यतः ३० दिवसांत मिळायला हवे. ते मिळाले नाही किंवा समाधानकारक नसेल, तर पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे नियम राज्य सरकार किंवा ग्रामपंचायतीला लागू आहेत का?
थेट नाहीत. राज्यांचे स्वतःचे नियम असतात. तमिळनाडूत १९९८ चा आणि कर्नाटकात १९९९ चा स्वतंत्र पारदर्शकता कायदा आहे. महाराष्ट्रात उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयानुसार खरेदी होते. अर्जात आपल्या राज्याच्या नियमाचा उल्लेख करा.

तक्रार कोठे करावी?
केंद्रीय विभाग व सार्वजनिक उपक्रमांसाठी त्या संस्थेचा मुख्य दक्षता अधिकारी किंवा केंद्रीय दक्षता आयोग. राज्य पातळीवर लाचलुचपत प्रतिबंधक यंत्रणा किंवा लोकायुक्त. तक्रारीला मिळालेल्या कागदपत्रांच्या प्रती जोडा.

फाइलवर कारणच नसेल तर?
तसे लेखी उत्तर जपून ठेवा. कारण नोंदवणे ही या सवलतीची अटच असल्याने तेच उत्तर तुमच्या तक्रारीचा महत्त्वाचा आधार ठरते.